दिवेकरकाका आणि धाऊ गोलंदाज

कुणाच्या घरी माणूस गेला की लोक पायरीशी चपला काढतात, हात जोडतात, "वाईट झालं" म्हणतात आणि कोपऱ्यात जाऊन बसतात. आमचे दिवेकरकाका चपला काढतात, हात जोडतात आणि खिशातून डायरी काढून विचारतात, "किती वाजता गेले? भरती होती की ओहोटी?"

ऐकीव सांगत नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी झालं. घरात रडारड चाललेली आणि हे दारात पेन उघडून उभे. मी म्हटलं, "काका, वेळकाळ आहे की नाही काही?" तर म्हणाले, "वेळच विचारतोय, शैला. माणूस ओहोटीला जातो असं सगळा किनारा म्हणतो. पुरावा काय? कुणीतरी लिहून ठेवायला नको?" माझ्या नवऱ्याने बिचाऱ्याने डोळे पुसत वेळ सांगितली. काकांनी भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून बोट फिरवलं आणि अगदी हळू म्हणाले, "ओहोटीच." त्या डायरीत गावातली किती माणसं जाऊन बसली आहेत, देव जाणे. मी ती कधी उघडलेली नाही आणि उघडणारही नाही.

दिवेकरकाका म्हणजे विष्णू दिवेकर, मुरुडच्या एसटी स्टँडवरचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. उभी हयात कर्ण्यावरून गाड्या पुकारल्या. निवृत्त झाल्यावर लढाया पुकारायला लागले. आपल्या किनाऱ्यावर जुन्या काळी ज्या आरमारी लढाया झाल्या, त्यांच्यावर ते साध्या वाचकांसाठी छोटी छोटी पुस्तकं लिहितात. सहलीला आलेल्या माणसाने किल्ला बघावा आणि परतीच्या गाडीत पुस्तक वाचून संपवावं, अशा बेताची. स्टँडसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांचं सगळं लिखाण मीच टाइप करते, म्हणजे पहिली वाचक मीच, आणि शिव्या देणारीही पहिली मीच.

एसटी काही त्यांच्या अंगातून गेलेली नाही. एका पुस्तकात वाक्य आहे: "शत्रूची सात गलबते पहाटे खाडीच्या मुखाशी लागली, पैकी दोन उशिराने धावत होती." मी टाइप करता करता फिस्सकन हसले. काका तापले. "हसायला काय झालं? दोन उशिरा आली याचा पुरावा आहे माझ्याकडे. उशीर झाला म्हणून लढाई हरले ते. उशिरामुळे काय काय होतं हे तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही स्टँडच्या बाहेर बसता."

आणि पुरावा! हा शब्द त्यांच्या तोंडून दिवसाला शंभरदा. कोलंबी ताजी म्हणणाऱ्या बाईला पुरावा विचारतील. डॉक्टर म्हणाले रक्तदाब वाढलाय, तर यंत्र बरोबर असल्याचा पुरावा मागतील. काकांनी लग्न केलं नाही. लोक त्याचं कारण विचारतात, तर म्हणतात, "केलं असतं तर सुखी झालो असतो याचा पुरावा द्या." आता बोला!

नारळांच्या बागेमागे दोन खोल्या आहेत त्यांच्या. लिहायचं टेबल खिडकीशी, खिडकीतून समोर समुद्रातला कोट. तिथे भर दुपारी कधीकधी पाण्याकडून एक आवाज येतो. धप्प. एकदाच. खडीच्या खाणीतला सुरुंग, असं आम्ही सगळे म्हणायचो. मग ती खाण बंद पडली आणि आवाज चालूच राहिला. मी विचारलं, "काका, हे काय हो?" काका म्हणाले, "माहीत नाही. नोंद ठेवतोय." सरळ "माहीत नाही" म्हणणारा माणूस असला की आपल्याला जास्तच भीती वाटते.

तर अशा या पुराव्याच्या माणसाने आयुष्यात एक खोटं लिहिलं, आणि ते माझ्यामुळे. उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू?

त्यांचं तिसरं पुस्तक टाइप करताना मी वैतागून म्हटलं होतं, "काका, यात माणूसच नाही! गलबतं आहेत, तोफा आहेत, दारूची पिंपं आहेत. मेलेली माणसं आहेत तीसुद्धा घाऊक. वाचणाऱ्याने जीव लावायचा कुणाला? पिंपाला?" काका कागद उचलून गेले. चार दिवस फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि एक पान माझ्यापुढे ठेवलं.

त्या पानावर धाऊ होता. धाऊ गोलंदाज. कोटावर हल्ला झाला तेव्हा बाकीचे गोलंदाज पडले आणि हा एकटा दिवसभर एक तोफ चालवत राहिला. संध्याकाळी हल्ला परतला. शिबंदीची माणसं धावत बुरुजावर गेली तर धाऊ तोफेला टेकून बसलेला. "तोफ हळूहळू गार होत होती. धाऊ आधीच झाला होता." माझे डोळे भरून आले, कळफलक दिसेना. मी विचारलं, "काका, हा कुठे सापडला तुम्हाला?" काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाले, "सापडला." मी काय ते ओळखलं. धाऊचं गाव म्हणून खाडीपलीकडच्या ज्या कोळीवाड्याचं नाव घातलं होतं, ते स्टँडवरच्या फलकावरचं शेवटून दुसरं नाव होतं. पण मी गप्प बसले, कारण पान झक्कास उतरलं होतं.

पुस्तक हातोहात खपलं. आणि धाऊ पुस्तकातून उठून चालायला लागला.

आधी किल्ल्याला नेणाऱ्या होडीवाल्यांनी त्याला उचललं. एकदा काका होडीत बसले होते. होडीवाला पर्यटकांना सांगत होता, "तो बघा धाऊचा बुरूज. सहा फूट उंच माणूस, एका हाताने गोळा उचलायचा." काकांना राहवेना. म्हणाले, "सहा फूट याला पुरावा काय?" होडीवाल्याने वल्हं थांबवलं. "काका, आधी दिवेकरांचं पुस्तक वाचा, मग बोला." सगळी होडी हसली. काका घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत.

मग कोळीवाड्याच्या वेशीवर कमान लागली, 'वीर धाऊ गोलंदाज यांचं गाव.' आणि एक दिवस तिथली पारूबाई काकांना शोधत स्टँडवर आली. ऐंशीच्या पुढची म्हातारी, पण ताठ. काकांच्या हातात नारळ ठेवला. "आमच्या घरात दर तिसऱ्या पिढीला एक धाऊ हाय. पन पयला कोन ते कुनालाच ठावं नव्हतं. तुमी आमचा मानूस सोदून दिलात." मी दुकानातून बघत होते. मनात म्हटलं, काका आता सांगतील. काकांनी तोंड उघडलं, मिटलं आणि नारळ घेतला. तो नारळ त्यांनी फोडला नाही. फडताळात ठेवलाय. अधूनमधून कानाशी धरून हलवतात, पाणी आहे का बघतात. इतकी वर्षं झाली, अजून वाजतो म्हणे.

तेव्हापासून पारूबाई दर सर्वपित्रीला घरच्या पितरांसोबत धाऊचंही पान ठेवते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. ओहोटीला खडकांना चिकटलेली कालवं फोडायला बायका जातात. त्यातली एक माझ्या दुकानात आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली आणि सहज बोलावं तसं बोलली. भर दुपारी तिला खडकावर एक माणूस भेटला. अंगावरून पाणी गळतंय. त्याने विचारलं, "हल्ला परतला का?" ती म्हणाली, "कसला हल्ला?" तो एक कान धरून बसून राहिला. हिने कालवांची पाटी उचलली आणि पाठ न फिरवता मागे मागे आली. "पुस्तक वाचलंयस का गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "ताय, मला वाचता येत असतं तर झेरॉक्सवर अंगठा कशाला उटवला असता?"

हे मी काकांना सांगितलं. चूक केली. काका खंगायला लागले. तिसरी आवृत्ती काढायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "शैला, धाऊला काढायचा."

"अहो, लोकांना तोच तर आवडतो!"

"तेच ना! माझ्या नऊ पुस्तकांत एकच खोटी गोष्ट आहे आणि लोकांना तेवढीच आठवते. मी मेल्यावर पुस्तक राहणार. पुरावा मागायला तेव्हा मी नसणार."

"आणि पारूबाई? ती कमान? त्या घराची इज्जत जाईल काका. म्हातारीला काय वाटेल?"

काकांनी जुनी आवृत्ती उचलून धाऊचं पान उघडलं. मग म्हणाले, "तेच तर. काढला तर तिला मारल्यासारखं, ठेवला तर मी खोटा. झोप नाही मला."

पण शेवटी काढायचं ठरलं. मी फाइल उघडली आणि धाऊ शोधून शोधून उडवला. संगणक म्हणाला, हा शब्द या पुस्तकात नाही. छापून बघितलं, तर पुस्तकाच्या शेवटी जी मेलेल्यांची यादी होती तिच्यात धाऊ. पुन्हा उडवला, पुन्हा छापलं. पुन्हा एक धाऊ. आता जुन्या फॉन्टची दुखणी मला ठाऊक आहेत, पडद्यावर एक आणि कागदावर एक, हे होतं. दहा वेळा झालंय. पण दरवेळी तोच एक राहावा? मी संगणकाला हात जोडले आणि दुकान बंद करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती.

दुपारी साडेबाराला पारूबाईच्या सुनेचा फोन. "शैलाताय, त्या लेखकाला घिऊन या लवकर. बाकीच्या पानांना कावला शिवला. धाऊच्या पानाला शिवना. बारा वाजल्यापासनं सगली उपाशी बसलीत. आय म्हनते, त्याचं मन कशात आडाकलंय ते लिवनाऱ्यालाच ठावं."

काकांना सांगितलं. वाटलं, पुरावा मागतील. ते उठले, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "चल. आज सांगून टाकतो."

रिक्षातून जाताना मी देवाचं नाव घेत होते. कोळीवाड्यात शिरलो आणि थबकलो. किनाऱ्यावर जाळी झाडताना कावळ्यांनी नुसता उच्छाद मांडलेला असतो, माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी पारूबाईच्या घरासमोरच्या कौलांवर कावळे ओळीने बसले होते. पंचवीस-तीस तरी. सगळ्यांची तोंडं धाऊच्या पानाकडे, आणि एकही ओरडत नव्हता. मी इथेच जन्मले, इथेच वाढले, पण गप्प बसलेले कावळे मी कधी पाहिले नव्हते.

ओट्याच्या कठड्यावर पान मांडलेलं. भात, वरण, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. आणि खिरीच्या बाजूला, तेलात भिजवलेला कापसाचा एक बोळा.

काकांनी तो बोळा बघितला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी कठडाच धरला. त्याचं कारण सांगते. धाऊच्या मूळ हस्तलिखितात एक ओळ होती: तोफेच्या आवाजाने डावा कान ठणकायचा, म्हणून धाऊ त्यात खोबरेल तेलाचा बोळा घालायचा. ती ओळ काकांनी स्वतः खोडली होती. खोडलेली मी वाचली होती, पण टाइप केली नव्हती. ती जगात दोनच माणसांना माहीत होती, आणि आईशप्पथ सांगते, मी कुणालाही बोलले नव्हते.

"हा कापूस कशाला?" काकांनी विचारलं.

"सपनात येतो तवा कान धरून येतो," पारूबाई म्हणाली. "मंग म्हटलं, दुकत असंल."

काका ओट्यावर बसले. आणि सगळ्यांच्या समोर बोलून टाकलं. "पारूबाई, मी तुमचा अपराधी आहे. हा माणूस झालाच नाही. तो मी बनवला. गावाचं नाव एसटीच्या फलकावरून घेतलं. तो तुमचा कुणी नाही. कुणाचाच कुणी नाही."

घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पारूबाईच्या मुलाचं तोंड लाल झालं. तो उठणार, तेवढ्यात म्हातारीने हात वर केला.

"झालाच न्हाय?"

"नाही."

"मंग इतकी वर्सं मी जेवाय घालते तो कोन?"

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमचा न्हाय तर न्हाय. पन तुमी केलात ना त्याला? मंग त्याला आय न्हाय दिलीत, बाप न्हाय दिलात, घरदार न्हाय. नुसतं मरान दिलात. असं कोन करतं का? शिवंल कसा कावला? त्याला जायाला जागाच न्हाय कुटं!"

मी इतकी वर्षं ती पुस्तकं टाइप केली, पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. मला माझीच लाज वाटली.

काका बोलायला लागले, पण आमच्याशी नव्हे, जमिनीशी. "माझाच कान ठणकायचा लहानपणी. डावा. आई बोळा घालून मांडीवर घ्यायची. तेच लिहिलं आणि तेच खोडलं. आई गेली, तिच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. सगळे म्हणाले, विष्णू, लग्न करीन म्हण, तुझ्या लग्नातच तिचा जीव अडकलाय. मला माहीत होतं मी करणार नाही. खोटं कसं बोलू? तेही आईशी? दोन तास उभा होतो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. त्यानंतर मी पान ठेवलं नाही. कुठल्या तोंडाने तिला जेव म्हणू?"

लांब पाण्याकडून धप्प आवाज झाला, एकदाच. कावळ्यांनी माना वळवल्यासुद्धा नाहीत.

पारूबाईने काकांच्या पाठीवर हात ठेवला. "मंग आज बी खोटं बोलू नका. खरं काय ते सांगा त्याला."

काका उठले. पानासमोर उभे राहिले. एसटी स्टँड दणाणून सोडणारा तो आवाज, इतका बारीक झाला होता की मला पुढे सरकावं लागलं. "धाऊ," ते म्हणाले, "हल्ला परतला रे. कधीच परतला. तू खरा नव्हतास हे मी छापणार. पण तुला काढणार नाही. खाली लिहीन, की हा इतिहासातला नाही, हा माझा आहे. विष्णू दिवेकरचा."

समोरच्या कौलावरून एक कावळा उतरला. कठड्यावर आला, मान वाकडी केली, आणि भातात चोच घातली. आणि मग काय तो कलकलाट! सगळे एकदम ओरडायला लागले. मी रडत होते आणि मला हसूही येत होतं. पारूबाईच्या मुलाने डोळे पुसले आणि बायकोला खेकसला, "वाढ आता, बगत काय बसलीस?"

पण म्हातारी जागची हलली नव्हती. तिने सुनेला हाक मारली. "आजून एक पान आन गं. भरून आन." काकांना विचारलं, "आयचं नाव काय तुमच्या?"

"अनसूया."

पान आलं. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. थोडी खीर भातावर सांडली. त्यांनी ते धाऊच्या पानाशेजारी ठेवलं, नीट सरळ केलं, आणि तसेच वाकून उभे राहिले.

"आई," ते म्हणाले, "लग्न नाही केलं गं मी. नाहीच केलं." मग शेजारच्या पानाकडे बोट केलं, लहान मूल दाखवतं तसं. "पण हा एक धाऊ आहे."

काकांचं बोट अजून तिकडेच होतं, आणि आईच्या पानावर कावळा बसला होता.